दिवेलागणीनंतर

दिवेलागणीच्या आंत घरीं यावें, हा नियम ज्यांच्या घरीं नव्हता असें कुटुंब आपल्या वाचकवर्गांत क्वचितच सांपडेल. त्या नियमाचें कारण आम्हांला कोणी सांगितलें नाहीं आणि आम्हींही कधीं विचारलें नाहीं. तुळशीपाशीं पणती लागली, देवापुढें निरांजन लागलें, शुभंकरोति झाली, कीं दार लोटलें जावयाचें. मुलांना हा नियम चौदापंधरा वर्षांपर्यंत असे; मुलींना तो लग्नापर्यंत असे, आणि लग्नानंतर दुसऱ्या घरीं तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. या नियमाची थट्टा करणें आज सोपें झालें आहे. परंतु ज्या काळीं रस्त्यावर दहा हातांपलीकडचें माणूस ओळखूं येत नसे, त्या काळीं तो केवळ संशयांतून जन्मलेला नव्हता. घरांत उजेड होता आणि बाहेर नव्हता, एवढेंच त्याचें मूळ.

आतां बाहेर उजेड आहे. आमच्या नात्यांतल्या पांचसहा मुली रात्रीं आठानंतर घरीं परततात. एक रुग्णालयांत आहे, दोघी हिंजवडीस संगणकाच्या कचेऱ्यांत आहेत, बाकीच्या शिकत आहेत. त्यांचे आईबाप त्यांना थांबवूं शकत नाहींत, आणि बहुतेकांना थांबवावेंसें वाटतही नाहीं. तरी नऊ वाजले कीं आईचें लक्ष घड्याळाकडे आणि बापाचें खिडकीकडे जातें. नियम गेला, धाकधूक राहिली. रस्ते उजळूनही रात्र निर्भय कां झाली नाहीं, याचा विचार गेल्या कांहीं महिन्यांत आम्हांला एका घरगुती कारणानें करावा लागला.

गेल्या जूनपासून आमची भाची शिक्षणासाठीं पुण्यास आमच्याकडे राहते. कॉलेजाखेरीज ती जर्मन भाषेच्या एका वर्गास जाते आणि तो वर्ग रात्रीं साडेनऊस सुटतो. बस जेथें थांबते तेथून आमच्या घरीं यावयास दोन वाटा आहेत. एक आमच्याच गल्लीची, चार मिनिटांची. तिच्यावर दोन वर्षांपूर्वीं नवे पांढरेशुभ्र एलइडी दिवे बसले. दुसरी हमरस्त्यानें वळसा घालून येणारी, दहाबारा मिनिटांची. तिच्यावरचे दिवे जुने, त्यांतले दोन बंद, आणि पदपथाची फरशी उखडलेली. भाची रोज दुसऱ्या वाटेनें येई. तिच्या वडिलांना, म्हणजे आमच्या मेहुण्यांना, हें कोठून तरी कळलें. उजेडाचा रस्ता टाकून मुलगी अंधाराच्या रस्त्यानें येते, त्या अर्थीं तिला आपलें बरेंवाईट समजत नाहीं, असा निष्कर्ष काढून त्यांनीं दिवाळीनंतर वर्ग बंद करण्याचें फर्मान दूरध्वनीवरून सोडलें. आमच्या बहिणीनें मध्यस्थी केली, भाची दोन दिवस कोणाशींच बोलली नाहीं, आणि शेवटीं हा तंटा आमच्या पुढ्यांत आला.

निवाडा करण्यापूर्वीं जागा पाहावी, या न्यायानें आम्ही सलग चार रात्री तिला आणावयास बसथांब्यावर गेलों आणि दोन्ही वाटांनीं तिच्याबरोबर चाललों. दुसऱ्या रात्रीं गल्लीच्या मध्यावर ती थांबली आणि म्हणाली, "मामा, या दिव्याखालीं मी सगळ्यांना दिसतें, मला मात्र कोणी दिसत नाहीं." आम्हीं वर पाहिलें आणि डोळे दिपून खालीं घेतले. खांबावरचा दिवा थेट डोळ्यांत येत होता. त्याच्या खालचें डांबर दुधासारखें पांढरें झालें होतें. पण पांचसात पावलांवर, जेथें गुलमोहराची फांदी दिव्याच्या आड आली होती आणि भिंतीलगत चारपांच मोटारी उभ्या होत्या, तेथें काळी शाई ओतल्यासारखा काळोख होता. आमच्या सोसायटीच्या फाटकावर सुरक्षेसाठीं म्हणून दोनशे वॉटचा एक झोत बसविलेला आहे. तो समोरून येणाऱ्याच्या तोंडावर पडे, आणि फाटकांत उभा असलेला पहारेकरी आम्हांला केवळ एका आकृतीसारखा दिसे. हमरस्त्यावर याच्या उलट. औषधांच्या दुकानाचा उजेड पदपथावर सांडलेला, वडापावच्या गाडीवर एक पिवळा दिवा, वळणावर इस्त्रीवाल्याच्या गाडीवर दुसरा. दिवे मिणमिणतेच, पण ते माणसाच्या उंचीवर. समोरून कोण येतें, तो हंसतो आहे कीं टक लावून पाहतो आहे, हें वीस पावलांवरून कळत होतें.

मुलीनें जें एका वाक्यांत सांगितलें, तेंच दीपनशास्त्राच्या पुस्तकांत अनेक पानांत सांगितलेलें आहे. प्रखर दिवा डोळ्यांत गेला कीं तो प्रकाश डोळ्याच्या आंत पसरतो आणि दृश्यावर एक पांढरट पडदा पडतो. वय वाढून डोळ्याचें भिंग किंचित् गढूळ झालेल्यांना हा त्रास अधिक. त्यांतून अंधारांत पाऊल पडलें, कीं डोळा सांवरावयास वेळ लागतो. काळोखास तो पुरता सरावण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात, आणि आमची गल्ली तर चार मिनिटांची. म्हणून रस्त्यावर उजेड किती आहे यापेक्षां तो सारखा आहे कीं नाहीं, याला महत्त्व. कोजागिरीच्या रात्रीचें उदाहरण घ्या. पूर्ण चंद्राचा उजेड मोजला तर तो पाव लक्सच्या आसपासच भरतो. रस्त्यावरच्या दिव्यांच्या मानानें अगदींच नगण्य. तरी त्या उजेडांत आपण गच्चीवर पाहुण्यांचीं तोंडें ओळखतों, वाट्या भरतों, अंगणांत पोरें पळतात. कारण तो उजेड सर्वत्र सारखा पसरतो आणि डोळ्यांना टोंचत नाहीं.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. इ. स. १९८० मध्यें कामिनाडा आणि फान बोमेल या हॉलंडमधील दोन दीपनतज्ज्ञांनीं असें सुचविलें कीं पायीं चालणाऱ्यास समोरून येणाऱ्याचा चेहरा निदान चार मीटरांवरून ओळखूं यावा, कारण त्याहून जवळ आल्यावर बाजूला होण्यास सवड राहत नाहीं. चेहरा उभा असतो, रस्ता आडवा असतो. डांबरावर पडलेला उजेड मोजून चेहऱ्यावरचा उजेड कळत नाहीं. आपल्या देशाच्या मानकांत रस्त्यांचे वर्ग पाडून मोठ्या रहदारीच्या रस्त्यास सरासरी ३० लक्स, वस्तींतील लहान रस्त्यास ४ लक्स असे आंकडे दिलेले आहेत; ते आंकडे रस्त्याच्या पृष्ठभागाचे आहेत. गाडी हांकणाऱ्यास तोच हवा असतो. पायीं जाणाऱ्या बाईस डांबराशीं काय करावयाचें आहे?

यांत कोणाचा दुष्टपणा नाहीं. रस्त्यावरचा दिवा जन्मला तोच दुसऱ्या कामासाठीं. पॅरिस शहरांत १६६७ सालीं रस्तोरस्तीं मेणबत्त्यांचे कंदील टांगले गेले, ते ला रेनी या पोलिसखात्याच्या पहिल्या मुख्य अधिकाऱ्याच्या व्यवस्थेनें. दिवा हा पहाऱ्याचा भाग होता. चालणाऱ्याच्या सुखाचा विचार मागाहूनचा. मुंबईंत ऑक्टोबर १८६५ मध्यें गॅसचे दिवे प्रथम लागले, तेव्हां दिवे लावणाऱ्याच्या मागून लोकांचे घोळके या खांबापासून त्या खांबापर्यंत आ वासून फिरत असत, असें वर्णन आहे. बंगळुरास ५ ऑगस्ट १९०५ रोजीं शिवनसमुद्राच्या धबधब्यावरील विजेनें रस्त्याचे दिवे पेटले. हे दिवे खांबावर फारसे उंच नव्हते आणि फारसे प्रखरही नव्हते. त्यांची जागा पुढें मोटारींसाठीं योजलेल्या उंच खांबांनीं घेतली. खांब उंच झाला तसा दिवा झाडांच्या वर गेला, आणि पदपथ झाडांच्या खालीं राहिला. वृक्षराजीबद्दल पुण्यास अभिमान वाटावा हें योग्यच आहे, परंतु त्या राजीच्या सांवलींत रात्रीं काय होतें तें आम्हीं आतां पाहिलें.

रंगाचाही एक वाद आहे, आणि तो मुंबईकरांनीं मोठ्या हिरिरीनें लढला. ५ जानेवारी २०१५ रोजीं केंद्र सरकारनें देशभर रस्त्यांवर एलइडी दिवे बसविण्याची योजना सुरू केली, आणि पुढें त्या योजनेखालीं एक कोटीहून अधिक दिवे बदलले गेले. वीज वांचली यांत शंका नाहीं. त्याच वर्षीं मरीन ड्राइव्हवरील सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे बसविले, तेव्हां राणीचा हार सोन्याचा होता तो चांदीचा झाला म्हणून ओरड झाली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि पुढें पिवळसर छटेचे एलइडी तेथें आले. या भांडणाला पुष्कळांनीं हौशी लोकांचा चोचला म्हटलें. आमचें मत तसें नाहीं, पण तें त्या जुन्या पिवळ्या दिव्यांच्याही बाजूचें नाहीं. सोडियमच्या उजेडांत हिरवें लुगडें आणि तांबडें लुगडें दोन्ही मातकट दिसतात. पळून गेलेल्या माणसाच्या सदऱ्याचा रंग कोणता, हें साक्षीदारास सांगतां येत नाहीं. एलइडीनें रंग खरे दिसूं लागले हा मोठा लाभ. मात्र त्यांतला निळसर पांढरा प्रकार डोळ्यांस अधिक टोंचतो आणि झोंपेसही बाधक ठरतो. म्हणून अमेरिकेंतील वैद्यकीय संघानें २०१६ सालीं रस्त्याचे दिवे ३००० केल्विन किंवा त्याहून उबदार रंगाचे असावेत अशी शिफारस केली. रंगही खरा दिसेल आणि डोळाही दुखणार नाहीं, असा दिवा बाजारांत मिळतो. तो मागवावयाचा कीं नाहीं, हा निविदा लिहिणाऱ्याचा प्रश्न.

आतां मेहुण्यांचा मूळ सिद्धान्त, कीं उजेड वाढला म्हणजे भय कमी होतें. याचा शोध घेतां आम्हांस मोठी गंमत आढळली. न्यूयॉर्क शहरांत २०१६ सालीं कांहीं सरकारी वसाहतींच्या अंगणांत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या जागीं प्रखर दिव्यांचे मनोरे उभे केले, तेव्हां रात्रीं उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारें ३६ टक्क्यांनीं घटले. शिकागोंत त्यापूर्वीं मागच्या गल्ल्यांतले दिवे अधिक तेजस्वी केले होते. २००० सालच्या अहवालांत तेथें नोंदलेले गुन्हे २१ टक्क्यांनीं वाढलेले आढळले. त्याचें एक कारण असेंही असूं शकेल कीं उजेडामुळें अधिक गुन्हे लोकांच्या दृष्टीस पडले आणि नोंदले गेले. आणि इंग्लंड-वेल्समध्यें पैसे वांचविण्यासाठीं ६२ स्थानिक संस्थांच्या हद्दींत दिवे मध्यरात्रीं मालविले किंवा मंद केले, त्याचा २०१५ सालीं अभ्यास झाला. त्यांत गुन्हे अगर अपघात वाढल्याचा पुरावा मिळाला नाहीं. तीन शहाण्यांचीं तीन मतें! न्यूयॉर्कचा प्रयोग नीट आंखलेला होता आणि तेथें प्रखर उजेडच उपयोगी पडला, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण या तिन्हींवरून एवढें दिसतें कीं दिवा हा शिपाई नव्हे. त्याच्या उजेडांत पाहणारें कोणी असेल तर तो उपयोगी. नसेल तर तो चोरालाही कुलूप दाखवितो.

अमेरिकेंतील जेन जेकब्स या बाईंनीं १९६१ सालीं शहरांवर लिहिलेल्या ग्रंथांत हेंच सांगितलें होतें. त्यांचें म्हणणें वाचतांना आम्हांस सारखे आमच्या पेठांतले ओटे आठवत होते. जुन्या वाड्याला देवडी होती, देवडीवर दिवा होता, बाहेर ओटा होता, आणि ओट्यावर रात्रीं दहापर्यंत कोणी ना कोणी बसलेलें असे. त्यांतले निम्मे लोक दुसऱ्यांच्या सुनांची उठाठेव करण्यासाठीं बसत, हें आम्ही जाणून आहों. त्या नजरेचा जाच बायकांनीं किती सोसला हेंही आमच्या आत्यांनीं आम्हांस सांगितलें आहे. परंतु त्या रस्त्यावर कोणी एकटें नव्हतें. आज आम्हीं वाडे पाडून सोसायट्या बांधल्या, सोसायट्यांना आठ फुटांच्या भिंती घातल्या, भिंतीवर कांचा रोंवल्या, आणि भिंतीच्या बाहेरचा रस्ता कोणाचाच नाहीं असा करून ठेवला. आमच्या गल्लींत दोन्ही बाजूंना मिळून एकशेंसाठ पावलें नुसती भिंत आहे. त्यांत एकही खिडकी रस्त्याकडे पाहत नाहीं. गणपतीच्या दिवसांत याच शहरांत लेकीसुना रात्रीं एक वाजतां आरास पाहावयास पायीं फिरतात. गर्दीचे त्रास वेगळे असतात, ते आम्ही विसरत नाहीं. पण त्या रात्रीं त्यांना घड्याळ दाखविण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनीं मुंबईच्या स्त्रियांविषयीं १९११ च्या नव्हे, २०११ च्या सालीं एक इंग्रजी पुस्तक लिहिलें. त्यांत स्त्रियांना कामाशिवाय, नुसतें रेंगाळण्यासाठींही, रस्त्यावर येण्याचा हक्क असावा असें प्रतिपादन आहे. आमच्या पिढीस तें वाचतांना ठसका लागतो. विनाकारण रेंगाळणें आम्हांस पुरुषांचेंही आवडत नाहीं. पण त्यांच्या मुद्द्यांत एक व्यावहारिक सत्य आहे: जेथें एक बाई निवांत उभी आहे तेथून दुसरी बाई निर्धास्त जाते. दिल्लींत २०१३ सालीं सुरू झालेल्या सेफ्टिपिन या उपक्रमांत रस्त्याची तपासणी करतांना नऊ गोष्टी पाहतात. उजेड ही त्यांतली एक. बाकींत जागा मोकळी आहे कीं नाहीं, आसपासच्या खिडक्यांतून व दुकानांतून रस्ता दिसतो कीं नाहीं, माणसें आहेत काय, आणि त्यांत बायका किती, यांचीही नोंद होते. आमची भाची हे नऊ प्रश्न न वाचतांच रोज रात्रीं सोडवीत होती.

मेहुण्यांना आम्हीं सविस्तर पत्र लिहिलें. दूरध्वनीवर ते मध्येंच बोलतात. पत्रांत मुलीचा निर्णय शहाणपणाचा असून वर्ग चालूं राहावा, आणि गल्लीचें काय करतां येईल तें आम्ही पाहूं, असें कळविलें. त्यांचें उत्तर एका ओळीचें आलें: मार्चपर्यंत पाहूं.

मग गल्लीचा उद्योग सुरू झाला. प्रथम संबंधित कचेरींत अर्ज केला, कीं खांबावरील दिव्यास आडोसा बसवावा आणि त्याचा कल बदलावा. तीन आठवड्यांनीं दोन गृहस्थ उजेड मोजण्याचें यंत्र घेऊन आले. त्यांनीं तें बरोबर दिव्याखालीं, डांबरावर, आकाशाकडे तोंड करून ठेवलें, आंकडा पाहिला आणि आमच्याकडे अशा नजरेनें पाहिलें कीं जणूं आम्ही तुपांत पडून लोणी मागत आहों. यंत्र जरा पदपथावर फांदीखालीं ठेवा, निदान उभें धरा, अशी विनंती केली. तसा नमुना त्यांच्या कागदांत नव्हता. फांदीसाठीं निराळा अर्ज लागला, कारण १९७५ च्या कायद्याप्रमाणें शहरांतलें झाड परवानगीवांचून छाटतां येत नाहीं; आणि तें बरेंच आहे, नाहींतर आमच्या चेअरमनांनीं उजेडाच्या नांवाखालीं अख्खा गुलमोहर तोडला असता.

सोसायटीच्या सभेंत आम्हीं सुचविलें कीं फाटकावरील झोत काढून टाकावा आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगास, आठ फुटांच्या उंचीवर, वरून झांकलेले, उबदार रंगाचे सात वॉटचे नऊ दिवे लावावेत. "रस्त्यावर उजेड पाडणें सोसायटीचें काम नव्हे," असा आक्षेप आला. त्यावर खजिनदारांनीं हिशेब मागितला. झोतास रात्रीं अकरा तास धरून महिन्याला सहासष्ट युनिटें लागत होतीं. नऊ दिव्यांना मिळून एकवीस लागणार होतीं. हा आंकडा ऐकतांच खजिनदारांना स्त्रियांच्या सुरक्षिततेची तळमळ लागली आणि ठराव एकमतानें मंजूर झाला. समोरच्या सोसायटीनें अद्याप तसें केलेलें नाहीं. पण त्यांच्या तळमजल्यावरच्या आजी हल्लीं संध्याकाळीं खुर्ची घेऊन फाटकाबाहेर बसूं लागल्या आहेत, कारण आतां तेथें वाचतां येतें असें त्या म्हणतात.

भिंतीचा वरचा अर्धा भाग पाडून तेथें जाळी बसवावी, हीही आमची सूचना होती. ती सभेंत कोणी उचलून धरली नाहीं.

दिवे लागल्यावर हमरस्त्यावरच्या इस्त्रीवाल्यास आम्हीं गल्लीच्या मध्यावर, जेथें दोन भिंती समोरासमोर येतात तेथें, गाडी लावण्यास सुचविलें. त्याचें रात्रींचें गिऱ्हाईक गल्लींतलेंच. तो आनंदानें आला. डिसेंबर आणि जानेवारी हे दोन महिने भाची रोज चार मिनिटांच्या वाटेनें घरीं आली, आणि तिच्यामागून शेजारच्या दोन परिचारिकाही त्या वाटेनें येऊं लागल्या. त्या कोणाला कोणी सांगितलें होतें असें नाहीं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत अतिक्रमणाची गाडी आली आणि इस्त्रीवाल्याची हातगाडी घेऊन गेली. २०१४ च्या कायद्यानें फेरीवाल्यांस परवाना घेऊन बसण्याचा हक्क दिलेला आहे. त्याच्याजवळ परवाना आहे, पण तो हमरस्त्यावरच्या जागेचा आहे. गल्लींतली जागा मिळावी म्हणून त्याचा अर्ज आम्हींच लिहून दिला, त्यावर गल्लींतल्या चव्वेचाळीस घरांच्या सह्या आहेत आणि त्यांत सदतीस बायकांच्या आहेत. अर्ज कचेरींत आहे. तोंपर्यंत त्यानें गाडी सोडवून आणून पुन्हा हमरस्त्यावर लावली आहे, आणि भाचीही हमरस्त्यानेंच येते. मेहुण्यांनीं मार्चची मुदत मे महिन्यांतल्या परीक्षेपर्यंत वाढविली आहे.